दप्तराला लटकलेला जपान

जपान म्हटले की मराठी मध्यमवर्गीय घरातील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. अणुबॉम्बच्या राखेतून उठलेला देश, मिनिटाचाही उशीर न करणाऱ्या आगगाड्या, रासबिहारी बोस यांना आश्रय देणारी आणि नेताजींच्या आझाद हिंद सेनेच्या पाठीशी उभी राहिलेली भूमी. त्याच घरातील बारा-चौदा वर्षांच्या मुलाचा जपान मात्र निराळा आहे. तो त्याच्या दप्तराच्या साखळीला लटकलेला असतो. नारिंगी पोशाखातील नारुतो, गवती टोपी घातलेला लुफी, हिरव्या-काळ्या चौकटींचा अंगरखा घातलेला तांजिरो. बोटभर उंचीचे रबरी कीचेन, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे पत्र्याचे बॅज, टेबलावर उभे राहणारे पारदर्शक प्लॅस्टिकचे पुतळे. जपानी चलच्चित्रमालिकांतील, म्हणजे ज्यांना जगभर ‘अॅनिमे’ म्हणतात त्यांतील, ही पात्रे जमवण्याचा छंद आता आपल्या शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही पोचला आहे.

यावर घराघरांतून उमटणारी प्रतिक्रियाही ठरलेली आहे. हे विदेशी खूळ आहे, पैशाची नासाडी आहे, आपले शिवराय आणि आपला मारुती सोडून ही कुठली भुते मुलांनी डोक्यावर घेतली, असे आजोबा म्हणतात आणि वडील मान डोलावतात. या प्रतिक्रियेमागची तळमळ खोटी नाही. परंतु बाण चुकीच्या ठिकाणी लागत आहे. या वस्तू परक्या आहेत, हा त्यांचा दोष नव्हेच. किंबहुना त्या ज्या निष्ठेने ‘जपानी’ राहिल्या आहेत त्यातून आपण काही घेण्यासारखे आहे. दोष आहे तो त्या विकण्याच्या एका विशिष्ट पद्धतीत, आणि तिच्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नाही.

प्रथम या वस्तूंचा पूर्वेतिहास पाहावा लागेल. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली. शहरे बेचिराख झालेली, खायला अन्न नाही, कारखान्यांना धातू नाही. अशा वेळी मात्सुझो कोसुगे नावाच्या खेळणी बनवणाऱ्या कारागिराने बिवा सरोवराकाठच्या ओत्सु गावी एक उद्योग केला. अमेरिकी सैन्याने खाऊन फेकून दिलेले अन्नाचे पत्र्याचे डबे गोळा करायचे, धुऊन सपाट करायचे आणि त्यांतून छोटी जीपगाडी घडवायची. रस्त्यावरून जेत्यांची जी गाडी धावत होती तिचेच हे खेळणे! त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये क्योतोच्या एका मोठ्या दुकानात ती दहा येनला विक्रीस आली आणि ती घेण्यासाठी रांगा लागल्या. पराभवाला चार महिने झाले होते. पुढे अशाच पत्र्याच्या खेळण्यांनी जपानला परकीय चलन मिळवून दिले. ताब्यातील जपानमध्ये बनविलेले, अशी अक्षरे त्यांच्या पोटावर उमटवलेली असत. ज्या देशाने आपल्या अपमानाची अक्षरे खेळण्याच्या पोटावर वागवत बाजारपेठ मिळवली, त्याच्या खेळण्यांना क्षुल्लक म्हणताना थोडे थांबावे.

अॅनिमेचा आणि या चिमुकल्या वस्तूंचा संबंधही वरवरचा नाही. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोम’ ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. यंत्रबालकाची ही कथा दर आठवड्याला अर्ध्या तासाची, आणि चित्रे हाताने काढायची. वाहिनीकडून मिळणाऱ्या रकमेत तिचा खर्च निघणे अशक्य होते. तेझुकांनी तो तोटा पत्करला आणि आतोमचे चित्र वस्तूंवर वापरण्याच्या परवान्यांतून तो भरून काढण्याचा मार्ग धरला. मालिकेचा पुरस्कर्ता मेइजी या मिठाईच्या कंपनीने आपल्या चॉकलेटच्या नळीबरोबर आतोमचे स्टिकर दिले आणि जपानभरची मुले ते जमवू लागली. (याच तेझुकांनी पुढे भगवान बुद्धांच्या चरित्रावर मोठी चित्रकथा लिहिली, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नसते.) म्हणजे पडद्यावरची कथा आधी आणि वस्तू नंतर, असा हा क्रम नाही. वस्तू विकली गेली म्हणून कथा सांगता आली, असा तो आहे.

१९६५ मध्ये अमेरिकेतून एक यंत्र जपानमध्ये आले. नाणे टाकायचे, मूठ फिरवायची, की खालच्या खणात गोल डबी पडते आणि तिच्यात एखादी लहानशी वस्तू असते. मूठ फिरवतानाचा आवाज ‘गाचा’ आणि डबी पडतानाचा ‘पोन’, म्हणून नाव पडले ‘गाचापोन’. आरंभी दहा येनला मिळणारी ती वस्तू अगदीच सामान्य असे. १९७७ मध्ये बांदाई ही मोठी कंपनी या धंद्यात उतरली आणि तिने किंमत शंभर येनवर नेली. पण त्या बदल्यात वस्तूचा दर्जाही उंचावला. आज साधारण तीनशे ते पाचशे येनमध्ये, म्हणजे आपल्या दीडशे ते तीनशे रुपयांत, जी बोटभर मूर्ती त्या डबीतून निघते तिच्या डोळ्यांतली चमक, वस्त्राची चुणी, केसांचा भार हे सगळे नीट रंगवलेले असते. तोक्योच्या इकेबुकुरो भागात २०२१ मध्ये उघडलेल्या एकाच दुकानात अशी ३,०१० यंत्रे एका छताखाली मांडण्यात आली आणि त्याची नोंद गिनेस विक्रमांत झाली. तेथे येणाऱ्यांत मुलांहून प्रौढांची संख्या डोळ्यांत भरते.

इतक्या लहान वस्तूवर इतकी मेहनत कशासाठी, असा प्रश्न आपल्याला पडतो. जपानी माणसाला तो पडत नाही, कारण त्याच्या परंपरेत लहान वस्तू ही कमी प्रतीची वस्तू कधीच नव्हती. एदो काळातील किमोनोला खिसे नसत. तंबाखूची वा औषधाची डबी कमरपट्ट्याला दोरीने लटकवीत आणि दोरी निसटू नये म्हणून तिच्या टोकाला एक गुंडी अडकवीत. तिला ‘नेत्सुके’ म्हणतात. लाकडाच्या वा हस्तिदंताच्या या अंगठ्याएवढ्या गुंडीत कारागिरांनी उंदीर, साधू, राक्षस, झोपलेले मूल असे विश्व कोरले, आणि आज जगातील मोठी संग्रहालये ती अभिमानाने मांडतात. कमरेला लटकणारी नेत्सुके आणि दप्तराला लटकणारा कीचेन यांच्यात दोन-तीनशे वर्षांचे अंतर आहे, पण सवय एकच आहे. देवळातून आणलेला ताईत पिशवीला बांधणारा, नवस बोलताना दारुमा बाहुलीचा एक डोळा रंगवणारा आणि तो फळास आला की दुसरा रंगवणारा हा समाज आहे. तो दारुमा म्हणजे तरी कोण? भारतातून चीनमध्ये गेलेला बोधिधर्म. जपानी दुकानांच्या गल्ल्याजवळ ज्या सात भाग्यदेवतांच्या छोट्या मूर्ती ठेवलेल्या दिसतात, त्यांतील बेंझाइतेन ही आपली सरस्वती आहे आणि बिशामोनतेन हा आपला कुबेर.

तेव्हा ‘परके’ म्हणून ज्याला आपण झटकतो त्यात आपलेही काही परतून येते. नारुतोच्या कथेत योद्ध्यांची शक्ती ‘चक्र’ या नावाने ओळखली जाते, दोन भावांच्या सनातन वैराची जी कथा तिच्या मुळाशी आहे त्या भावांची नावे इंद्र आणि असुर आहेत. हे शब्द बौद्ध ग्रंथांच्या मार्गाने जपानला गेले आणि हजार-बाराशे वर्षांनी एका चित्रकथेतून आपल्या नातवंडांपर्यंत आले. आजोबांनी रागावण्याऐवजी तेवढे सांगितले तरी संध्याकाळचे संभाषण निराळ्या वाटेने जाईल.

या संदर्भात एक घटना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ‘किमेत्सु नो याइबा’ या मालिकेने २०१९ नंतर जपानला वेड लावले. २०२० मध्ये तिचा चित्रपट आला तेव्हा महामारी असूनही त्याने जपानी चित्रपटगृहांतील उत्पन्नाचे सर्व जुने विक्रम मोडले. तिच्या नायकाच्या, तांजिरोच्या, अंगरख्यावरची हिरव्या-काळ्या चौकटींची नक्षी रुमालापासून पेन्सिलीपर्यंत सर्वत्र उमटली. तेव्हा प्रकाशक शुएइशा या बलाढ्य कंपनीने पात्रांच्या वस्त्रांवरील नक्ष्या आपल्या व्यापारचिन्हे म्हणून नोंदवाव्यात, असा अर्ज केला. काही पात्रांच्या नक्ष्यांना नोंदणी मिळाली. तांजिरोच्या चौकटीला मात्र २०२१ मध्ये जपानच्या पेटंट कार्यालयाने नकार दिला. कारण ती नक्षी म्हणजे ‘इचिमात्सु’. अठराव्या शतकातील सानोगावा इचिमात्सु या काबुकी नटाने ती रंगमंचावर वापरून लोकप्रिय केली आणि तेव्हापासून ती घरोघरी आहे. त्या नकाराने कोणाचेही नुकसान झाले नाही. कंपनीने कीचेन विकले आणि विणकरांनी कापडही विकले. परंपरा जिवंत असते म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. तीनशे येनच्या कीचेनवर चौकट काढताना त्या चित्रकाराला आपण ‘संस्कृतिरक्षण’ करीत आहोत असे वाटलेही नसेल.

संग्रह करणे हा वेडेपणा आहे, असेही कोणी म्हणू नये. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की, दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती, फण्या अशा रोजच्या वापरातील वस्तूच गोळा केल्या होत्या. घराघरांत अडगळीत पडलेल्या त्या वस्तू गोळा करीत हिंडणाऱ्या माणसाकडेही त्या काळी लोकांनी विचित्र नजरेने पाहिले असेल.

एवढे मान्य केल्यावर दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे, कारण खरा धोका तेथे आहे. गाचापोनच्या यंत्रासमोर उभे असलेल्या मुलाला सहा मूर्तींचे चित्र दिसते, पण त्याच्या हाती कोणती येणार हे त्याला ठाऊक नसते. हवी ती मिळेपर्यंत नाणी टाकत राहायचे. प्रत्येक वेळी सहांपैकी कोणतीही मूर्ती येण्याची शक्यता सारखीच धरली, तर सहाही मिळवण्यासाठी सरासरी पंधरा वेळा मूठ फिरवावी लागते. गणित सोपे आहे. पहिली मूर्ती पहिल्याच वेळी मिळते, पण शेवटची उरलेली एक मिळवायलाच सरासरी सहा प्रयत्न लागतात. म्हणजे तीनशे येनची वस्तू असली तरी संच पडतो साडेचार हजार येनला, आणि हाती नको असलेल्या नऊ मूर्ती उरतात. ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ येथे हळूच बदललेला असतो. एका वेळचा खर्च क्षुल्लक, म्हणून मन सावध होत नाही. हे रोखीने, उघड्यावर, लहान मुलांशी खेळले जाणारे सोडतीचेच एक रूप आहे, मग त्याला खेळणे म्हणा की छंद.

जपानला हे कळत नाही असे नाही. १९७१ मध्ये कॅल्बी कंपनीने ‘कामेन रायडर’ या वीराची पत्ती खाऊच्या पुड्याबरोबर द्यायला सुरुवात केली. मुलांनी पत्त्या खिशात घातल्या आणि खाऊ गटारात फेकला. भुकेचे दिवस अजून आठवणीत असलेल्या पिढीला ते दृश्य सहन झाले नाही आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. १९८५ मध्ये लोत्ते कंपनीच्या ‘बिक्कुरिमान’ चॉकलेटने देव आणि दैत्यांचे स्टिकर आणले. त्यांतील चमकते स्टिकर मुद्दाम दुर्मीळ ठेवलेले होते. पुन्हा चॉकलेट कचऱ्यात आणि मुले दुकानापुढे. शेवटी १९८८ मध्ये तेथील निष्पक्ष व्यापार आयोगाने हस्तक्षेप केला आणि दुर्मीळ व सामान्य स्टिकरांमधली तफावत कमी करण्यास सांगितले. तीच युक्ती पुढे भ्रमणध्वनीवरील खेळांत शिरली. ठरावीक चित्रे सोडतीतून मिळवून संच पुरा केला तरच मोठे बक्षीस, या प्रकाराला ‘कॉम्प गाचा’ म्हणत. २०१२ च्या मे महिन्यात जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने तो बेकायदा असल्याचे स्पष्ट केले. यंत्र बंद झाले नाही, छंद बंद झाला नाही. जेथे सोडत माणसाला खेचत नेऊ लागली तेथे रेघ ओढली गेली, एवढेच. आपल्याकडे मात्र ‘विदेशी की स्वदेशी’ या वादात ही रेघ कोठे ओढायची हा प्रश्नच उपस्थित होत नाही. उद्या एखाद्या स्वदेशी कंपनीने पौराणिक वीरांच्या मूर्ती अशाच बंद डब्यांतून विकल्या तर त्या चालतील काय? पात्र बदलले म्हणून जुगाराची ओढ पवित्र होत नाही.

आणखी एक गोष्ट या चकचकीत दुकानांत दिसत नाही. अॅनिमेला बहुधा अनेक कंपन्या मिळून भांडवल पुरवतात आणि वस्तूंच्या विक्रीचा नफाही त्याच वाटून घेतात. जो स्टुडिओ प्रत्यक्ष चित्रे काढतो त्याने स्वतः पैसा गुंतवला नसेल, तर त्या नफ्यातील काहीही त्याच्या वाट्याला येत नाही. तरुण चित्रकारांचे तुटपुंजे वेतन हा जपानमध्ये वर्षानुवर्षे चर्चेचा विषय आहे. ज्याने एखाद्या पात्राचे डोळे कागदावर जिवंत केले त्याच्या घरी बहुधा बॅजचा एक येनही जात नाही, ही त्या शिस्तप्रिय देशाचीही लाजिरवाणी बाजू आहे.

आपल्या पदपथांवर आणि लेखनसाहित्याच्या दुकानांत पन्नास-शंभर रुपयांना मिळणाऱ्या कीचेनांची गोष्ट तर त्याहून वाईट. त्यांतील बहुसंख्य नकला असतात. त्यांवर ना उत्पादकाचे नाव, ना कोणत्या प्लॅस्टिकचे वा रंगाचे आहेत याचा पत्ता. त्यांतून जपानी कंपनीलाही काही मिळत नाही, मग चित्रकाराची गोष्टच नको. खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक झाले. ही पावले योग्यच होती. परंतु शुल्काने परका माल महाग होतो, आपले पात्र जन्माला येत नाही.

ते का येत नाही, याचा विचार करताना एक चित्रपट आठवल्याशिवाय राहत नाही. युगो साको हे जपानी दिग्दर्शक १९८३ मध्ये उत्खननावरील माहितीपटासाठी भारतात आले, रामकथेच्या प्रेमात पडले, आणि आपले राम मोहन व जपानचे कोइची सासाकी यांच्यासह त्यांनी रामायणावरचे अॅनिमे घडवले. तो चित्रपट १९९० च्या दशकात पुरा झाला, दूरचित्रवाणीवरून एका पिढीच्या मनात घर करून राहिला आणि जानेवारी २०२५ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा झळकला. त्यातला राम ज्यांनी लहानपणी पाहिला ते आज स्वतः पालक आहेत. त्यांच्या मुलांच्या दप्तरांवर मात्र तो राम सहसा दिसत नाही.

मूर्ती घडवणारे हात आपल्याकडे नाहीत असेही नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी रंगवली जातात, दशावतारी गंजिफा रंगवल्या जातात. दहा अवतार, प्रत्येकी बारा पाने, एकूण एकशे वीस. तळहातात मावणारे प्रत्येक पान हाताने रंगवलेले. संग्रह करण्यासाठी याहून सुंदर वस्तू कोणती? पण एक पूर्ण संच मध्यमवर्गीय मुलाच्या खाऊच्या पैशांत येत नाही, आणि एकेक पान सुटे विकावे, त्यावरील वराहाची वा वामनाची कथा मुलाला ठाऊक व्हावी अशी मालिका काढावी, असे कोणाच्या मनात आले नाही. आपण सांस्कृतिक ठेवा काचेच्या कपाटात ठेवतो. जपान्यांनी तो यंत्रात घातला आणि खाली नाणे टाकायला फट ठेवली. त्या फटीतच धोका आहे, हे वर आलेच आहे. पण कपाटाला तर फटही नाही.

घरात मुलाने बॅजसाठी हट्ट धरला तर काय करावे, याचे एक उत्तर जपानी संग्राहकांनीच शोधून ठेवले आहे. इकेबुकुरोतील अॅनिमेच्या मोठ्या दुकानासमोरच्या बागेत तरुण मुली आपल्याकडचे दुबार आलेले बॅज मांडून बसतात आणि अनोळखी मुलींशी अदलाबदल करतात. तोक्योच्याच नाकानो भागात जुन्या वस्तूंची दुकाने आहेत. तेथे डबी उघडलेली असते, मूर्ती समोर दिसते आणि तिच्यावर किंमत लिहिलेली असते. तीनशेची वस्तू तेथे कधी पाचशेला मिळते, कधी शंभरालाही. मुरलेला संग्राहक यंत्रासमोर फार वेळ उभा राहत नाही. तो हवी ती मूर्ती निवडतो, घासाघीस न करता पैसे मोजतो आणि घरी जातो.